शंभरातून सात

प्रिय आत्या,


मोठ्या अक्षरांत लिहितेय. चष्मा लावून सावकाश वाच, दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नकोस.

परवा दवाखान्यातून निघताना तू म्हणालीस, "डोकं गेलं गं माझं." स्मृतीच्या चाचणीत 30 पैकी 18 गुण, हा आकडा तेव्हापासून घरात सगळ्यांच्या तोंडी आहे. शंभरातून सात, त्यातून पुन्हा सात, असं करत जायचं होतं, तिथे तू अडलीस. एकात एक गुंतलेले दोन पंचकोन काढताना हात थरथरला. तपासणारा म्हणाला, बायकांना आकडे आणि आकृत्या जडच जातात. तू त्यावर मान डोलावलीस, त्याचं मला फार वाईट वाटलं.

एसटीत मी काय विचारलं, आठवतं? शंभराची नोट, सात रुपयांची जुडी, परत किती? "त्र्याण्णव." अजून एक जुडी? शहाऐंशी. मग एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. खिडकीबाहेर बघत पाचही उत्तरं बरोबर दिलीस! तीस वर्षं आठवडी बाजारात बसून तू वजाबाकीच केलीस. पेन्सिल मात्र चौथीतच सुटली, कारण धाकट्या भावाला सांभाळायला घरी कोणीतरी हवं होतं. तो भाऊ म्हणजे माझे बाबा. ते पुढे शिकले.

ती चाचणी 1975 साली अमेरिकेत तयार झाली. हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांतल्या निरक्षर म्हाताऱ्यांना तपासायची वेळ आली, तेव्हा संशोधकांनी ती तशीच वापरली नाही. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या हिंदी रूपात विसातून तीन वजा करायला सांगतात.

आणि आकृत्यांचं म्हणशील, तर ईशान्येच्या डोंगरातली एक गोष्ट सांगते. खासी लोकांत कूळ आईचं चालतं, घर धाकट्या लेकीला मिळतं. शेजारच्या कार्बींमध्ये वारसा मुलाकडे जातो. दोन्हीकडच्या सुमारे 1,300 जणांना चार तुकड्यांचं कोडं जुळवायला दिलं. 2011 साली निष्कर्ष छापून आले: कार्बी पुरुषांनी बायकांपेक्षा लवकर जुळवलं, खासींमध्ये मात्र बायका-पुरुषांत फरक आढळला नाही. बायका-पुरुषांत काहीच फरक नसतो, असं मी म्हणत नाही. ऐकलेले शब्द लक्षात ठेवण्यात बायका सरासरीने पुढे असतात, मनातल्या मनात आकृती फिरवण्यात पुरुष. पण सरासरीवरून तुझं डोकं कोणी मोजायचं नाही.

तू हल्ली विसरतेस, हे खरं आहे. दोनदा गॅस चालू राहिला. देशात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा 2023 चा अंदाज आहे. त्यात बायकांचं प्रमाण जास्त आहे, न शिकलेल्यांचंही. म्हणून आपण हे टाळायचं नाही. बी-12, थायरॉइड आणि कान तपासून घेऊ, आणि शिक्षण विचारात घेऊन स्मृती तपासणाऱ्या डॉक्टरांकडे जाऊ.

पण त्या 18 गुणांवर बोट ठेवून घरात जे मुखत्यारपत्र तयार होतंय, त्याची मला जास्त काळजी वाटते. पाऊण एकर जमीन तू स्वतःच्या कमाईतून घेतलीस. विहिरीला पाणी कुठे लागेल, कर्ज किती काढायचं, हे तूच ठरवलंस. तेव्हा तुझी अक्कल कोणी तपासली नव्हती.

दिवाळीआधी मी येते. तोवर कशावरही सही करू नकोस.

तुझी,
भाची