रोट्या दोन-दोन आणा

टोमॅटो सूप वन बाय टू, मसाला पापड, एक पनीरची भाजी, एक व्हेज कोल्हापुरी, तंदुरी रोट्या आणि शेवटी जिरा राईस, दाल फ्राय. ऐंशीच्या दशकात डोंबिवली, ठाणे, नाशिक, पुणे कुठेही जा, मराठी मध्यमवर्गीय घराची बाहेरच्या जेवणाची ऑर्डर साधारण हीच असे. भाज्यांची नावं बदलत, क्रम बदलत नसे. निमित्तंही ठरलेली असत: वडिलांचा बोनस, दहावीचा निकाल, आईबाबांच्या लग्नाचा वाढदिवस, नाहीतर गावाहून आलेले पाहुणे. सहज, कंटाळा आला म्हणून कुणी हॉटेलात जात नसे.

आमचं हॉटेल स्टेशनजवळ होतं. खाली इडली-डोसा, वर जिना चढून ‘फॅमिली रूम’. वर मंद पिवळे दिवे, भिंतीला लाकडाच्या पट्ट्या, कोपऱ्यात माशांची काचपेटी आणि टेपवर हळू आवाजात गझला. पलीकडे काचेच्या दारामागे एसी सेक्शन होता. तिथले दर वेगळे, म्हणून आम्ही कायम अलीकडेच बसायचो. मेनूकार्ड रेक्झिनच्या जाड पुठ्ठ्याचं, आत प्लॅस्टिकची पानं, आणि दर वाढले की जुन्या आकड्यावर चिकटवलेली नव्या आकड्याची चिठ्ठी. बाबा आधी उजवीकडचा रकाना वाचत आणि मग डावीकडचा. शंभराच्या नोटेत चौघं जेवत आणि वर सुट्टे परत येत.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त आठवते ती आई. घरी ती शेवटी जेवायची. आम्हाला तव्यावरची पोळी ताटात पडायची आणि ती स्वतः बसेपर्यंत उरलेल्या पोळ्या गार झालेल्या असायच्या. आम्हाला त्यात वावगं वाटत नव्हतं, कारण सगळ्याच घरांत तसं होतं. हॉटेलात मात्र ती आमच्याबरोबर जेवायला बसे. वाफ निघणारी रोटी तिच्याही ताटात आमच्याच वेळी पडे. वेटर चमच्यानं भाजी वाढायला आला की पहिल्यांदा तिच्या ताटाकडे वळे आणि ती संकोचून म्हणे, “आधी मुलांना वाढा.” तो ऐकत नसे. “भाभी, आधी तुम्ही,” म्हणे आणि वाढून मोकळा होई. हॉटेलच्या जेवणाची माझी ओढ पनीरसाठी होती असं मला लहानपणी वाटे. आता वाटतं, आई बसलेली आहे आणि तिला कुणीतरी वाढतंय, हे बघण्याची ती ओढ होती.

पनीरचं अप्रूपही खरंच होतं. आमच्या भागातल्या डेअरीत तेव्हा पनीर मिळत नव्हतं. नासलेल्या दुधाचा कलाकंद करायचा एवढंच घरात ठाऊक. ‘पंजाबी’ म्हणून आम्ही जे खायचो त्याचा प्रवास मोठा आहे. फाळणीनंतर पेशावरकडून दिल्लीला आलेल्या निर्वासितांनी दर्यागंजात मोती महल चालवलं. तंदूर आणि टोमॅटो-लोण्याची ग्रेव्ही तिथून देशभरच्या हॉटेलांच्या चवीत शिरली. आमच्याकडे ती वाढली उडुपी-मंगळूरकडून आलेल्या शेट्टी मंडळींनी. इडली-डोशावर उभ्या राहिलेल्या हॉटेलांनी मागच्या अंगाला तंदूर बसवला आणि कार्डात पंजाबी पान घातलं. पुढे चायनीज पान आलं. मंचुरियनचं श्रेय नेल्सन वांग यांना दिलं जातं. १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी आलं-लसूण-मिरची आणि सोया सॉस एकत्र आणून चिकनचा हा पदार्थ केला. काही वर्षांत कोंबडीच्या जागी फ्लॉवर आला आणि गोबी मंचुरियन डोंबिवलीच्या जिन्यापर्यंत पोचलं. पेशावर, उडुपी आणि कलकत्त्याहून आलेला एक चिनी वंशाचा स्वयंपाकी यांनी मिळून आमचा सणाचा दिवस घडवला होता, आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

व्हेज कोल्हापुरी कोल्हापूरच्या कुठल्या घरात शिजते, असा प्रश्न मला बरीच वर्षं पडलेला होता. ती भटारखान्यात शिजते. मध्यम दराच्या हॉटेलात सकाळी दोन-तीन मोठ्या पातेल्यांत ग्रेव्ह्या तयार होतात: टोमॅटोची लाल, काजू-मगजबीची पांढरी, कांदा-टोमॅटो परतून केलेली तपकिरी. ऑर्डर आली की कारागीर मोठ्या आचेवर कढई ठेवतो, एका पातेल्यातलं दीड पळी, दुसऱ्यातलं अर्धी पळी घालतो, उकडलेल्या भाज्या टाकतो, आणि चार-पाच मिनिटांत ‘जयपुरी’, ‘हैदराबादी’ किंवा ‘कोल्हापुरी’ तयार होते. कोल्हापुरीत सुकं खोबरं आणि लाल मिरची जास्त, वर तळलेली अख्खी मिरची. यात फसवणूक आहे असं मला कधीच वाटलं नाही. साध्या पगारात चौघांना तासाभरात गरम जेवण द्यायचं तर ही युक्तीच लागते, आणि लाल-पांढऱ्याचा अंदाज वर्षानुवर्षं रोज सारखा ठेवणं हे कसब आहे.

पण त्या हॉटेलांचा खरा कणा होता तो वेटर. आमचा वेटर पांढरा सदरा घालणारा, कानामागे पेन्सिल ठेवणारा, मध्यमवयीन दक्षिण कर्नाटकातला माणूस होता. आम्ही तीन भाज्या सांगितल्या की तो लिहायचाच नाही. “दोन पुरतील. लागली तर तिसरी पाच मिनिटांत आणतो.” राईस फुल सांगितला तर “हाफ घ्या, बच्चे लोग खात नाहीत.” मालकाचं बिल कमी होईल असा सल्ला मालकाचाच माणूस देत होता, आणि गल्ल्यावर बसलेल्या अण्णांची त्याला हरकत नव्हती. ते गिऱ्हाईक पुढच्या बोनसला परत येणार हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यांचा धंदा त्याच भरवशावर चाले.

रोटीचं तर त्याचं शास्त्रच होतं. आठ रोट्या सांगितल्या तरी तो दोन-दोन आणायचा. एकदा मी आत डोकावून पाहिलं होतं. तंदूरवाला गोळा हातावर थापटून मोठा करी, कापडी गादीवर पसरे, कोपरापर्यंत हात आत घालून तापलेल्या भिंतीला चिकटवे आणि मिनिट-दीड मिनिटात सळईनं ओढून काढी. वर काळे डाग, कड कुरकुरीत, मधे मऊ. ही स्थिती फार वेळ टिकत नाही. थोड्याच वेळात रोटी चिवट होते आणि पाच-सात मिनिटांनी ती ओढून तोडावी लागते. म्हणून आमचा वेटर एका टेबलासाठी चार-चार फेऱ्या मारायचा, आणि एक रोटी ताटात संपत आली की मान वळवून तंदूरकडे आवाज द्यायचा. जिन्यावरून रोज शेकडो वेळा वरखाली करणाऱ्या माणसाच्या पायांचं काय होत असेल, याचा विचार तेव्हा आमच्या कुणाच्या मनात आला नाही.

आणि टेबल पुसणाऱ्या पोरांचाही आला नाही. दहा-बारा वर्षांचे, माझ्याच वयाचे. एका हातात पाण्याचे चार पेले, प्रत्येकात एकेक बोट बुडवून धरलेलं, दुसऱ्या हातात ओलं फडकं. त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे, सगळे ‘बारक्या’. दहावीच्या निकालाचं आइस्क्रीम मी खात असताना समोरचा मुलगा माझी खरकटी बशी उचलत होता. त्यातले काही रात्री कन्नड रात्रशाळेत जात, शिकून पुढे जात, काहींनी स्वतःची हॉटेलंही काढली. बाकीचे तिथेच मोठे झाले. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलांत, धाब्यांवर कामाला ठेवण्यावर बंदी आली, आणि आज शहरातल्या चांगल्या हॉटेलात असं पोर दिसत नाही. जुन्या दिवसांबद्दल मला कितीही माया असली तरी या एका गोष्टीसाठी ते दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही.

इतरही पुष्कळ चांगलं झालं आहे. स्वच्छतागृहं वापरण्याजोगी आहेत. पाणी गाळलेलं असतं. एकटी बाई दुपारी हॉटेलात बसून पुस्तक वाचत जेवू शकते. माझ्या आईच्या पिढीला हे जमलं नसतं, ‘फॅमिली रूम’च्या पाटीचा अर्थच तो होता. एसी आणि बिगरएसी हा भेदही गेला. जीएसटी आला तेव्हा, १ जुलै २०१७ ला, साध्या हॉटेलाला १२ टक्के आणि एसी हॉटेलाला १८ टक्के कर होता. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरपासून दोन्हींना सरसकट ५ टक्के झाला. आता काचेच्या दारापलीकडे कोण बसतं हा प्रश्न उरलेला नाही. हिशेबाची चिठ्ठी बडीशेपच्या बशीत येते, कोड स्कॅन केला की पैसे गेले.

मोठा फरक पडला तो २०२० मध्ये. मार्चमध्ये हॉटेलं बंद झाली. महाराष्ट्रात ५ ऑक्टोबरपासून निम्म्या क्षमतेनं बसून जेवायला परवानगी मिळाली. मधले महिने जी तगली ती पार्सलवर तगली. झोमॅटो, स्विगी आधीपासून होत्या, पण त्या महिन्यांत जेवण घरी येण्याची सवय पक्की झाली. घरी येणारी भाजी बरी असते, कधी छानच असते. रोटी मात्र येत नाही. जे येतं ते चकचकीत कागदात गुंडाळलेलं, स्वतःच्याच वाफेनं घामेजलेलं असतं. तंदूर आणि ताट यांच्यामध्ये आता वीस मिनिटांचा रस्ता आहे आणि तो कुठल्याही युक्तीनं कमी होत नाही.

हॉटेलात बसून जेवलं तरी आज रोट्या एकदम टोपलीत येतात. ऑर्डर यंत्रावर घेतली जाते, यंत्रात ‘आठ’ असा आकडा पडतो आणि आतून आठ येतात. वाढायला कुणी थांबत नाही. वेटर ओडिशाचा, झारखंडचा, नेपाळचा विशी-बाविशीतला मुलगा असतो. चार महिन्यांनी तो दुसऱ्या शहरात असतो. गिऱ्हाइकाची ओळख व्हायला त्याला वेळ मिळत नाही. शिवाय भाडं, पगार, अॅपचं कमिशन यांनी मध्यम दराच्या हॉटेलाचा श्वास कोंडला आहे. आमच्या भागातली अशी हॉटेलं एकेक करून कपड्यांच्या दुकानांना नाहीतर मोबाइलवाल्यांना गेली. कमी घ्या म्हणून सांगणारा माणूस ठेवणं या हिशेबात बसत नाही. मग आपण चार भाज्या मागवतो आणि दोन उरतात. डब्यात भरून घरी आणतो आणि फ्रिजमध्ये विसरतो.

याचा दोष मी त्या मुलांना देणार नाही. त्यांना कुणी शिकवलेलं नाही आणि आपणही त्यांच्याशी बोलणं सोडून दिलं आहे. कोड स्कॅन करायचा, बोट फिरवायचं, झालं. आता आईला घेऊन जाते तेव्हा मी कार्ड मागून घेते आणि वेटरलाच विचारते, “आम्ही तिघं आहोत, किती पुरेल? रोट्या दोन-दोन आणाल?” बहुतेक मुलं आधी गोंधळतात. रोट्यांसाठी वेगवेगळ्या चिठ्ठ्या आत पाठवाव्या लागतात, त्याचा त्यांना खटाटोप होतो. परवा एकानं जरा विचार केला आणि म्हणाला, “ताई, एक भाजी, एक दाल घ्या. राईस हाफ. बाद में बोलना.” पहिली रोटी त्यानं आईच्या ताटात ठेवली. मी त्याचं नाव विचारून घेतलं आहे. पुढच्या वेळी त्याच्याच टेबलावर बसायचं ठरवलं आहे, आणि तो तिथे नसेल तर नव्या मुलालाही हेच विचारणार आहे.