मेग २ आणि फेज २

शनिवारी ताई आणि भावजी एका लग्नाला गेले आणि जाताना भाच्याला माझ्याकडे सोडून गेले. वय वर्षे नऊ. बाहेर पाऊस, त्यामुळे क्रिकेट बाद. बुद्धिबळात तो मला हरवतो, त्यामुळे तेही बाद. उरला पिक्चर. निवडायचा अधिकार त्याने स्वतःकडे घेतला आणि दोन मिनिटांत 'मेग २ : द ट्रेंच' लावून मोकळा झाला.

"मोठं माणूस बरोबर असेल तर मला चालतो हा," असं त्यानेच मला समजावलं. मोठं माणूस म्हणजे मी. असो.

हा सिनेमा मी २०२३ च्या ऑगस्टमध्ये थिएटरात बघितला होता. पहिला भाग त्याआधी पाच वर्षं, म्हणजे २०१८ च्या ऑगस्टमध्ये, इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना होस्टेलच्या सात-आठ जणांनी मिळून. आम्ही सगळे मेकॅनिकलवाले. त्यातला एक आज मेकॅनिकलमध्ये आहे, बाकीचे माझ्यासारखे आयटीत. त्या एकाची आम्ही तेव्हाही चेष्टा करायचो आणि आताही करतो, फक्त आता त्यात थोडा मत्सर असतो.

ज्यांनी हे सिनेमे बघितले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. मेग म्हणजे मेगालोडॉन, लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला राक्षसी शार्क. स्टीव्ह अल्टेन या लेखकाने १९९७ मध्ये त्यावर कादंबरी लिहिली, १९९९ मध्ये तिचा पुढचा भाग 'द ट्रेंच'. कल्पना अशी की हे मासे संपलेच नाहीत, प्रशांत महासागराच्या तळाशी खोल दरीत मजेत आहेत. माणूस तिथे नाक खुपसतो, मासे वर येतात आणि जेसन स्टेथम त्यांना मारतो. कथा फुटेल ही भीती नको, फुटण्याएवढी कथाच नाही.

आणि दुसरा भाग तर अस्सल 'अ आणि अ', म्हणजे अचाट आणि अतर्क्य. सुरुवातच बघा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा किनारा. टी-रेक्स डायनोसॉर पाण्यात शिरतो आणि मेग येऊन त्याला ओढून नेतो. आता डायनोसॉर गेले साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी आणि मेगालोडॉन अवतरला साधारण २.३ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे या दोघांची गाठ पडायची तर चार कोटी वर्षांचं अंतर आहे. शिवाजी महाराजांच्या हातात मोबाईल दाखवला तर तो यापेक्षा कमी चुकीचा ठरेल. भाच्याला हे सांगितलं, तर म्हणाला, "मामा, तू पिक्चर बघ ना."

बघितला. एका बेटावर सहलीला आलेले पर्यटक, तीन मेग, एक अवाढव्य ऑक्टोपस, जमिनीवर पळणारे सरडेसदृश प्राणी आणि शेवटी स्टेथम हेलिकॉप्टरचं तुटलेलं पातं घेऊन मेगला भोसकतो. मला हे सगळं मान्य आहे. स्टेथम खरोखरच पाण्यातला माणूस आहे, १९९० च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत तो इंग्लंडकडून डायव्हिंगमध्ये उतरला होता. तेव्हा त्याला पाण्यात काहीही करायची मुभा आहे. पण एका प्रसंगात मात्र मी रिमोट हातात घेतला.

समुद्राखाली पंचवीस हजार फुटांवर हे लोक अडकलेले असतात. बाहेर कुणीतरी जायला हवं आणि सूट नाही. तर आपला हीरो सायनसच्या पोकळ्यांत पाणी भरून घेतो, म्हणजे म्हणे दाबून टाकायला हवाच उरली नाही, आणि तसाच उघड्या अंगाने बाहेर पोहत जातो!

"मामा, एवढ्या खाली माणूस चेपत नाही का?"

च्यामारी. चार कोटी वर्षांच्या चुकीकडे काणाडोळा करणाऱ्या पोराने बरोबर खरी चूक पकडली.

मग आम्ही सिनेमा थांबवला आणि दुपारी मागवलेल्या पिझ्झाच्या बिलामागे गणित मांडलं. दर दहा मीटरला साधारण एक वातावरण दाब वाढतो. पंचवीस हजार फूट म्हणजे ७६२० मीटर, म्हणजे ७६० च्या वर वातावरण. एका चौरस सेंटिमीटरवर पाऊण टनाहून जास्त वजन. अंगठ्याच्या नखावर दोन माणसं बसलेली मारुती ८०० उभी आहे असं समजा. आणि अशी एकेक मारुती प्रत्येक नखाएवढ्या जागेवर, सगळ्या अंगावर. सायनस भरलं तरी फुप्फुसातल्या हवेचं काय? १९९२ मध्ये फ्रान्समध्ये एका माणसाने दाबाच्या बंद खोलीत ७०१ मीटर खोलीइतका दाब सोसला होता. त्यासाठी खास वायूंचं मिश्रण लागलं. आपला हीरो त्याच्या दहापटीहून खाली नुसता श्वास रोखून जातो.

"म्हणजे तिथे कुणीच जगत नाही?"

जगतं की! २०२२ मध्ये जपानजवळच्या एका खोल दरीत ८३३६ मीटरवर मासा दिसला, कॅमेऱ्यात टिपला गेला. स्नेलफिश. लहानसा, फिकट, बिनखवल्याचा, जेलीसारखा लिबलिबीत. दाबाशी भांडत नाही म्हणून जगतो. भाच्याला फोटो दाखवला. "हाच? याच्यावर पिक्चर नाही काढता येणार," असं म्हणून त्याने निकाल दिला.

मग माणूस खाली जातो तरी कसा? इथे मला फार वर्षांनी स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सची वही आठवली. उत्तर आहे, गोळा करून. गोलाच्या भिंतीत जो ताण येतो तो त्याच व्यासाच्या आणि जाडीच्या नळकांड्याच्या निम्मा असतो. आपल्या चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेची मत्स्य ६००० ही जी पाणबुडी आहे (सबमर्सिबल म्हटलं की मला गावाकडच्या बोअरमधला पंपच आठवतो, म्हणून पाणबुडी), तिच्यात तीन माणसांनी बसायचा टायटॅनियमचा गोळा आहे. आतला व्यास २.१ मीटर, भिंत ८० मिलिमीटर, लक्ष्य ६००० मीटर. दाब गुणिले व्यास भागिले चारपट जाडी. ढोबळ उत्तर येतं ३९४ मेगापास्कल. त्या मिश्रधातूची सहनशक्ती आठशेच्या पुढे. म्हणजे कागदावर दुपटीची सोय. आणि कागदावर विश्वास नको म्हणून इस्रोने त्या गोळ्याच्या वेल्डिंगची पद्धत बसवताना सातशेच्या आसपास चाचण्या केल्या. एका सांध्यासाठी.

भाचा एव्हाना परत सिनेमात गेला होता. मी मात्र त्या बिलाकडे बघत बसलो, कारण २०२३ चा तो ऑगस्ट आठवला.

त्याआधी सात आठवडे, १८ जून २०२३ ला, टायटॅनिक बघायला निघालेली ओशनगेट कंपनीची टायटन ही पाणबुडी आत चेपून फुटली होती. पाचजण गेले, त्यात एक एकोणीस वर्षांचा मुलगा आपल्या वडिलांबरोबर. गोळा नव्हता तो, कार्बन फायबरचं नळकांडं होतं आणि दोन्ही टोकांना टायटॅनियम. कार्बन फायबर ओढायला जबरदस्त, दाबायला तितकंसं नाही, हे आम्हाला सेकंड इयरला शिकवतात. ते आधी कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. कंपनीच्याच सागरी मोहिमांच्या प्रमुखाने, डेव्हिड लॉकरिजने, २०१८ च्या सुरुवातीला लेखी आक्षेप घेतले होते. त्याला काढून टाकलं. पहिल्या कवचाला २०१९ मध्ये तडा गेला. दुसरं कवच केलं, प्रकार तोच. जुलै २०२२ मध्ये वर येताना मोठा आवाज झाला आणि त्यानंतर सेन्सरचे आकडे बदललेले दिसत होते, हे नंतर चौकशीत पुढे आलं. तरी पुढच्या वर्षी खाली गेले. अमेरिकन तटरक्षक दलाचा अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये आला. त्याचा निष्कर्ष एवढाच, की ही दुर्घटना टाळता आली असती.

म्हणजे बघा. पहिला मेग आला त्या वर्षी खऱ्या समुद्रात इशारा दिला गेला आणि दुसरा मेग आला त्या उन्हाळ्यात तो खरा ठरला. थिएटरात पाणबुडी तळाला आदळते तेव्हा आमच्या मागच्या रांगेत कुणीतरी "टायटन!" असं ओरडलं आणि लोक हसले. मीही हसलो.

आता मूळ मुद्दा, जो मी गेले दोन तास टाळतोय.

दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमने एका क्लायंटसाठी कंत्राटी कामगारांचे पगार बँकेत पाठवायची सिस्टिम केली. फेज १. बँकेकडून उत्तर यायला उशीर झाला की रेकॉर्ड परत पाठवायचं, असा त्यात एक भाग होता. क्वचित कधीतरी ते रेकॉर्ड हरवायचं. ना गेलं, ना अडकलं, नुसतं गायब. मला ते दिसलं होतं. लॉगमध्ये दोनदा. पण तिसऱ्यांदा दिसेना, तारीख तोंडावर, आणि मी रिलीजच्या शीटमध्ये 'गो' लिहिलं.

दिवाळीआधीच्या पगाराला दोनशे बारा माणसांचे पैसे सहा दिवस उशिरा गेले. मी सलग दोन रात्री बसून ते शोधून दुरुस्त केले, हाताने. त्याबद्दल मला कौतुकाची मेल आली आणि दीड हजारांचं गिफ्ट व्हाउचर. कारणमीमांसेच्या कागदावर 'एन्व्हायर्नमेंट इश्यू' असं लिहिलं गेलं. तो कागद मीच भरला होता. तिकडच्या सुपरवायझरचा फोन आला होता तेवढा लक्षात आहे. शिव्या वगैरे काही नाही, शांतपणे म्हणाला, "साहेब, एकाने व्याजाने घेऊन घरी पाठवले. पगार आला, पण ते व्याज कुणाकडे मागायचं?" मी म्हटलं, बघतो. काय बघणार होतो कुणास ठाऊक.

आता फेज २ आहे. नवीन स्क्रीन, दुप्पट कामगार, आणि खाली तोच जुना भाग, कारण "चालतंय त्याला हात लावू नका". शुक्रवारी लोड टेस्टच्या चाळीस रन झाल्या. अडतीस पास. मॅनेजर म्हणाला, "अरे, मागच्या वेळेला पण असंच होतं, गेलोच ना लाइव्ह? तू फक्त गो लिही, रिस्क लो टाक." माणूस वाईट नाही. त्याच्या मुलीची दहावी आहे, त्याच्यावर वरून दाब आहे. समुद्रासारखंच आहे हे, जो जितका खाली त्याच्या डोक्यावर तितकं जास्त पाणी. आणि सगळ्यात खाली तो व्याजाने पैसे घेणारा.

मी म्हटलं, सोमवारी सांगतो.

मेग २ मध्ये डीजे नावाचं एक पात्र आहे. पहिल्या भागातही होता. तळावरचा इंजिनियर. तेव्हा त्याला पोहता येत नव्हतं, पूर्ण वेळ घाबरलेला, बाकीच्यांनी हसायचं म्हणून ठेवलेला. दुसऱ्या भागात तो पोहायला शिकून आलाय आणि जिथे जाईल तिथे पाठीला एक सॅक, त्यात संकटाला लागेल ते सगळं. लोक त्या सॅकची थट्टा करतात आणि मग ती उपयोगी पडते. एवढ्या मोठ्या सिनेमात पहिला भाग आठवत असलेला हा एकटाच. बाकी सगळे त्याच दरीत, तसेच, नव्या उत्साहाने.

भाच्याला विचारलं, "तुला कोण आवडलं?" मला वाटलं, स्टेथम म्हणेल.

"सॅकवाला. तो मरेल असं वाटलं होतं, पण मेला नाही."

रविवारी संध्याकाळी ताई त्याला घेऊन गेली. जाताना त्याने ते बिल मागून घेतलं, मारुतीच्या चित्रासकट. मग मी लॅपटॉप उघडला. दोन वर्षांपूर्वीचे ते लॉग अजून माझ्याकडे होते. ते जोडले, शुक्रवारच्या नापास दोन रनचे जोडले आणि जुन्या कारणमीमांसेत मी लिहिलेलं कारण चुकीचं होतं हेही लिहिलं. हे वाक्य लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. दुरुस्तीला आठ दिवस मागितले. मेल मॅनेजरला, क्लायंटच्या प्रमुखाला कॉपी. तारीख पगाराच्या आधी बसते की नाही ते तीनदा मोजलं. बसते, जेमतेम.

पावणेबाराला पाठवली. सोमवारी दहाला मीटिंग आहे. काय होईल माहीत नाही, कदाचित व्हाउचर परत मागतील.

झोपायच्या आधी ताईचा मेसेज आला. भाचा विचारतोय, मामाकडे सॅक आहे का?