भिंगांची सोयरीक

आमच्या बोरगावात सोयरीक जुळवायची म्हटलं की मुलाच्या आधी घराणं बघतात. रान किती, ऊस कुठल्या कारखान्याला जातो, पाहुणेरावळे कोण, हे विचारून झाल्यावर मग मुलगा काय करतो याची चौकशी. कॅमेरा घेतानाही असंच करावं लागतं, हे मला माझ्या भाच्यामुळं कळलं. दाजींचा फोटो स्टुडिओ आता तोच चालवतो. निपाणी, चिक्कोडी, इचलकरंजी अशा तिन्ही अंगांची लग्नं त्याच्याकडं येतात. एका घरची पत्रिका मराठीत, दुसऱ्या घरची कन्नडात. अल्बम हातात पडला की कुणी म्हणतं "झकास आल्यात फोटो", कुणी म्हणतं "फोटो चलो बंदाव री". अर्थ एकच!

काही वर्षांपूर्वी त्यानं नवा कॅमेरा घ्यायचं काढलं आणि महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता.

"बॉडीचं काय घेऊन बसलाय मामा," तो म्हणायचा, "ती चार वर्षांत जुनी हुतीया. पैसा खरा लेन्समध्ये. आणि एका कंपनीची लेन्स दुसरीच्या कॅमेऱ्याला बसत न्हाई."

भिंग ज्या कड्यात बसवायचं त्या कड्याला माऊंट म्हणतात. कंपन्यांची सगळी मारामारी या कड्यापाशी आहे. गिऱ्हाइकानं एकदा एका घराण्याची तीनचार भिंगं घेतली की तो जन्माचा त्या घरचा जावई. दुसरीकडं जायचं तर सगळं मोडीत काढून जायचं. निकॉननं १९५९ साली काढलेलं कडं साठेक वर्षं सांभाळलं. कॅननं मात्र १९८७ साली जुनं कडं टाकून नवं आणलं, तेव्हा जुनी भिंगं जवळ असलेले लोक फार नाराज झाले होते. पण त्या नव्या कड्याच्या जोरावरच कॅनन पुढं गेली.

दाजींच्या काळच्या कॅमेऱ्यात भिंगामागं तिरका आरसा असे. उजेड आरशावर आदळून वर जायचा, म्हणून डोळ्याला चित्र दिसायचं. बटण दाबलं की आरसा 'खट्' करून वर उडायचा आणि उजेड फिल्मवर पडायचा. डिजिटल कॅमेरे आले तरी आरसा राहिलाच. ऑलिंपस आणि पॅनासॉनिक या दोन कंपन्यांनी मिळून २००८ साली तो काढून टाकला आणि डोळ्याजवळ छोटा पडदा बसवला. आरशाला लागणारी जागा वाचली, कॅमेरा पातळ झाला. दोन्ही घराण्यांचं कडं एकच ठेवलं, म्हणजे एकाचं भिंग दुसऱ्याला चालावं. धंद्यात असा शेजारधर्म क्वचित दिसतो.

मग रांगच लागली. सोनी आणि सॅमसंग २०१० साली आल्या, फुजीफिल्म आणि कॅनन २०१२ साली. सोनीनं २०१३ साली जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा मोठा सेन्सर लहान कॅमेऱ्यात बसवला आणि लग्नाचे फोटोग्राफर वळून बघू लागले. कॅनन आणि निकॉन मोठ्या सेन्सरचं नवं कडं घेऊन आल्या त्या २०१८ साली. तोवर सॅमसंगनं हा धंदा गुंडाळला होता. निकॉननं २०११ साली काढलेली छोटी मालिका २०१८ साली बंद केली. ज्यांनी पहिला आरसा काढला त्या ऑलिंपसचा कॅमेरा विभागही २०२१ च्या आरंभी दुसऱ्यांच्या हाती गेला. खरा घाव घातला खिशातल्या मोबाईलनं. २०१० साली जगभरात बारा कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते, २०२३ साली ते ऐंशी लाखांच्याही आत आले.

"लहान, हलका" असा सगळा गाजावाजा होता. पण सेन्सर मोठा आणि अंधारात चालणारं भिंग हवं, तर काच मोठीच लागते. आरसा काढून ती लहान होत नाही. कॅननच्या नव्या कड्याच्या एका भिंगाचं वजनच जवळजवळ दीड किलो आहे. ते गळ्यात घालून हळदीपासून वरातीपर्यंत उभं राहणाऱ्या पोराला विचारा, कॅमेरा किती हलका झाला ते.

कोल्हापूर आमच्यापासून दूर नाही. तिथं बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून १९१८ साली स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्याच मुलखातली आमची पोरं आज जपानी घराण्यांपैकी कुणाचं बोट धरावं या चिंतेत असतात. एका घराण्यानं दार लावलं तर इथल्या स्टुडिओवाल्याचं उसाच्या अख्ख्या बिलाएवढं भांडवल कपाटात पडून राहतं.

भाच्याच्या कपाटात दाजींची निकॉनची भिंगं होती. पण आसपासच्या त्याच्या दोस्तांकडं सोनी. लग्नसराईत एकाचं भिंग बिघडलं की दुसरा आपलं देतो, जशी शेजारी वाटीभर साखर देतात. तो हिशेब मोठा होता. त्यानं सोनीच घेतला. त्याच्या आईला वाईट वाटलं. "म्हणजे ह्यांच्या लेन्सा आता मोडीतच की रे?"

तेव्हा त्यानं अॅडॉप्टर नावाची साधी कडी आणली. निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यात कड्यापासून फिल्मपर्यंत साडेशेहेचाळीस मिलिमीटर अंतर, सोनीत अठरा. मधली साडेअठ्ठावीस मिलिमीटरची कडी घातली की जुनं भिंग नव्या कॅमेऱ्यावर बसतं. फोकस हातानं फिरवावा लागतो, एवढंच. उलटं मात्र होत नाही. जुन्या कॅमेऱ्यात आरशासाठी अंतर राखलेलं, तिथं नव्याचं भिंग लावलं तर दूरचं काही स्पष्टच दिसत नाही.

ज्यानं आपल्यातलं अंतर कमी केलं, त्याच्याकडं दुसऱ्याच्या घरचं भिंग चालतं. सीमाभागात जन्म काढलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. शाळेत एक भाषा, बाजारात दुसरी. मधली कडी आपणच होतो. थोडी खटपट हातानं करावी लागते, पण चित्र स्पष्ट येतं.

दाजींचं पन्नास मिलिमीटरचं भिंग भाचा मोठ्या समारंभात वापरत नाही; तिथं धावपळ फार. पण म्हाताऱ्या माणसांचे फोटो तो त्यातूनच काढतो. ती हालत नाहीत, आणि त्यालाही घाई नसते.