सेल्बर्नचे घर

लंडनहून आगगाडीने ऑल्टन गाठावे आणि तेथून मोटारीने चार-पाच मैल जावे, म्हणजे हॅम्पशर परगण्यातील सेल्बर्न हे खेडे लागते. गिल्बर्ट व्हाइट (१७२०–१७९३) या धर्मोपदेशकाने आयुष्याचा बहुतेक काळ येथेच घालविला. गावची पाखरे, गांडुळे, पाऊसपाणी यांविषयी त्याने स्नेह्यांस लिहिलेल्या पत्रांचा ग्रंथ १७८९ साली प्रसिद्ध झाला. दिसावयास एकसारखी असलेली तीन लहान पाखरे केवळ त्यांच्या निरनिराळ्या गाण्यांवरून वेगळी ओळखणारा हा मनुष्य! ग्रंथाचे मूळ हस्तलिखित त्याच्याच घरी जपून ठेविलेले आहे.

या घराचे नाव 'द वेक्स'. मागे बाग, आणि बागेपलीकडे बीच वृक्षांनी झाकलेली टेकडी. तिच्यावर चढणारी नागमोडी वाट व्हाइट व त्याचा भाऊ यांनी १७५३ साली खोदली. तीच आम्ही धापा टाकीत चढलो. बागेच्या टोकास हर्क्युलिसचा उंच पुतळा दिसतो. जवळ जाऊन पाहावे तो ती नुसती रंगविलेली फळी! श्रीमंतांच्या बागांत संगमरवरी मूर्ती असत. व्हाइटला तो खर्च झेपणारा नव्हता, म्हणून त्याने ही युक्ती केली. मूळ फळी गेली. सांप्रतची तिच्या नमुन्यावरून केलेली आहे.

हे घर सर्वांसाठी राखावे म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यास जाहीर वर्गणी मागण्यात आली, पण ती पुरेशी जमली नाही. ग्रंथ घरोघरी असूनही असे व्हावे, याचे आम्हांस प्रथम नवल वाटले. परंतु पुस्तक विकत घेणे निराळे आणि कौलांसाठी पैसा देणे निराळे, हे आपल्याकडे देवळाच्या जीर्णोद्धाराची यादी घेऊन फिरलेल्या कोणासही ठाऊक असेल. अखेर रॉबर्ट वॉशिंग्टन ओट्स या गृहस्थाने भार उचलला. अट एवढीच की, आपल्या कुळातील दोन प्रवाशांचे स्मारकही याच छपराखाली असावे. त्यांपैकी फ्रँक ओट्स १८७५ साली आफ्रिकेत वारला. दुसरे कॅप्टन लॉरेन्स ओट्स. १९१२ साली दक्षिण ध्रुवाहून परतताना, आपल्यामुळे सोबत्यांचा खोळंबा होऊ नये म्हणून ते तंबूबाहेर हिमवादळात निघून गेले ते परतलेच नाहीत. १९५५ साली संग्रहालय उघडले.

गाव न सोडणाऱ्या व्हाइटच्या माथ्यावर हे दोन भटके पाहुणे का, असा प्रश्न मनात येतो. आमच्या मते अट योग्यच होती. दाता नसता तर व्हाइटचेही घर राहिले नसते. शिवाय फ्रँक ओट्स हाही निसर्गाचाच अभ्यासक होता.

पुढे घरास पुन्हा मोठ्या दुरुस्तीची गरज पडली. २०१८ साली पुरे झालेल्या त्या कामास राष्ट्रीय सोडतीच्या उत्पन्नातून साहाय्य मिळाले. नशीब आजमाविणाऱ्यांचा पैसा गांडुळांच्या अभ्यासकाच्या भिंतींस लागावा, ही गोष्ट आमच्या घरातील वडील मंडळींस बरीच खटकली! दुरुस्तीत व्हाइटच्या काळच्या खोल्या शक्य तितक्या पूर्ववत करण्यात आल्या. नित्याच्या खर्चास मात्र सोडत पुरत नाही. त्यासाठी तिकीट आहे, दुकान आहे, चहाची खोली आहे.

व्हाइटची समाधी जवळच्या चर्चच्या आवारात आहे. शिळेवर नावाची आद्याक्षरे आणि मृत्यूची तारीख, एवढेच. आवारातील प्राचीन यू वृक्ष १९९० च्या वादळात उन्मळून पडला; त्याचा बुंधा आम्ही पाहिला.