अहो, हे सगळं कोळिष्टकावर उभं आहे!

कोळिष्टक! वाशांना लोंबणारं, काठीला केरसुणी बांधून आपण खरवडून काढतो ना, तेच कोळिष्टक! आमच्या परसात या वर्षी जी जी घरटी मला दिसली, त्यांतली बहुतेक सगळी त्यानेच चिकटवलेली, शिवलेली नाहीतर टांगलेली निघाली. माघात मला हा शोध लागला आणि तेव्हापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे. दूधवाल्याला सांगून झालं, पोस्टमनला सांगून झालं, मुंबईला लेकीला फोनवर सांगून झालं. आता तुम्ही ऐका.

आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, देवरुखजवळ. नोकरी संपवून आम्ही दोघं गेल्या ज्येष्ठात इथे राहायला आलो. सासूबाई, म्हणजे आई, पहिल्यापासून इथेच. घरामागे परसू, त्याला चिऱ्याचा गडगा, गडग्यापलीकडे पावसाळ्यापुरता वाहणारा पऱ्या. परसात थोड्या पोफळी, एक म्हातारा रायवळ आंबा, रातांबा, पपनस, जास्वंद, तगर. जंगल म्हणावं असं काहीच नाही. तालुक्यातल्या कुठल्याही घरामागे असतं तेवढंच.

तर माघातली सकाळ. मागच्या पडवीत कपडे वाळत घालायच्या तारेच्या टोकाला एक मळकट गुंता लोंबत होता. मी काठी उचलली तोच न्हाणीघरातून आईंचा आवाज आला, "अगो, राहू दे ते! शिंजिराचं काम चाललंय तिथे." मी काठी ठेवली आणि उंबऱ्यावर बसले. थोड्या वेळात ती आली. शिंजिराची मादी, दहा सेंटिमीटरचाही जीव नाही, वरून मातकट, गळ्याशी पांढुरकी, पोटाला पिवळी. तिच्या चोचीत काहीच नाही असं मला वाटलं. मग तिने मान वळवली, तिरप्या उन्हात तिच्या चोचीभोवती बारीक धागा लखलखला, आणि मी उभीच राहिले! न्हाणीघराच्या वाशावरून कोळिष्टक ओढून तिने आणलं होतं. गुंत्याला लटकून तिने ते दाबलं, चोच इकडून तिकडे फिरवली, पुन्हा दाबलं आणि गेली. परत आली ती सालीचा कपचा घेऊन. तो त्या चिकट धाग्यावर ठेवला. परत कोळिष्टक, मग वाळकं पान, मग कोळ्याच्या अंड्यांची रिकामी पिशवी. नर जवळच जास्वंदीवर बसून गात होता. डोक्यावर हिरवी झळाळी, गळा जांभळा, पाठ तांबूस, काय ते रूप! कामाला मात्र त्याने चोच लावली नाही. या जातीत, म्हणजे जांभळ्या पाठीच्या शिंजिरात, घर बांधते ती मादीच.

गुंत्याची पिशवी झाली. पिशवीला बाजूने दार आणि दारावर, अहो, चक्क पडवी! पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून दारावर पुढे काढलेली झापी. आणि हा सगळा डोलारा तारेला धरून ठेवला होता तो कोळ्याच्या धाग्यांनी. दोन आठवड्यांनी आत पिल्लं चिवचिवायला लागली. पिल्लं वाढली तशी पिशवी फुगत गेली, पण कुठे फाटली म्हणून नाही. धागा ताणला जातो आणि तुटत नाही! आईबाप दोघंही दिवसभर चारा आणत होते. फुलांचा मध पिणारे हे पक्षी पिल्लांना मात्र किडे भरवतात, आणि त्या किड्यांत कोळीही असतात. घराला जाळं आणि पोरांना जाळ्याचा मालक!

मग मला बाकीचं आठवायला लागलं. पावसाळाभर परसात जे जे पाहिलं होतं, ते एकेक करून डोळ्यांपुढे आलं आणि प्रत्येकात हा धागा सापडला.

आषाढात सुभग पाहिला होता. पिवळा नर, काळे पंख, त्यांवर पांढरे पट्टे. शेंड्यावरून सरळ वर झेपावला, अंगावरची सगळी पिसं फुलवली आणि शीळ घालत हळूहळू तरंगत खाली उतरला. मादीसाठी चाललेला नाच! मी भिजत उभी राहून तो पाहिला. नंतर रातांब्याच्या फांदीवर त्यांची वाटी सापडली. इतकी नीटस, की बाहेरून जणू घोटून काढलेली, आणि रंग राखी. तेव्हा तो राखी रंग कशाचा ते मी विचारलंही नव्हतं. तो लेप कोळिष्टकाचा! पोफळींच्या खालच्या सावलीत शेपटीचा पंखा उघडत-मिटत फिरणारा नाचण आहे, त्याच्या वाटीलाही बाहेरून तोच लेप. आंब्यावरच्या बांडगुळाची फळं खाणारा इवलासा फुलटोच्या (आपल्या देशातल्या सगळ्यांत लहान पक्ष्यांपैकी एक!) आपली लोंबती थैली तंतू आणि कोळिष्टक एकत्र दाबून करतो. हाच पक्षी बांडगुळाची चिकट बी फांदीला पुसून टाकतो आणि तिथे नवं बांडगूळ रुजतं. बागायतदार त्याच्यावर नाराज असतात ते त्यामुळे. मी नाराज नाही.

आणि कोळी! अहो, कोळ्यांकडे मी आयुष्यात धड पाहिलंच नव्हतं. भाद्रपदात दोन पोफळींच्या मधे एक जाळं लागलं, माझे दोन्ही हात पसरले तरी पुरणार नाहीत एवढं. मधोमध काळी-पिवळी मादी, नुसतं अंगच दीड-दोन इंचांचं, पाय वेगळे. वर कोपऱ्यात एक चिमुकला तांबूस कोळी होता, मला वाटलं तिचं पिल्लू. तो तिचा नर! उन्हात तिच्या धाग्याला सोनेरी झाक येते. जाळ्यांची रचना वाचायला लागले तेव्हा तर हात कापायला लागले. गोल जाळं विणणारे कोळी एकाच जाळ्यात वेगवेगळ्या प्रकारचा धागा वापरतात. मध्यातून बाहेर जाणारे आरे कोरडे असतात, त्यांवरून कोळी स्वतः फिरतो. गोल गोल जाणाऱ्या धाग्यावर मात्र गोंदाचे बारीक थेंब असतात, भक्ष्य अडकतं ते तिथे. त्यांतले कित्येक कोळी तर जुनं जाळं स्वतःच खाऊन टाकतात आणि नवं विणतात. धागासुद्धा वाया जात नाही!

धागा म्हटला की ओंबील आलेच. आंब्यावरच्या तांबड्या मुंग्या, चावल्या की माणूस नाचतो. हिरवी पानं जोडून केलेलं त्यांचं घर आपण सगळे लहानपणापासून पाहतो. पण ते जोडतात कसं? कामकरी मुंग्या रांगेने पानाची कड धरून ओढतात आणि दोन पानं जवळ आणतात. त्यांच्यापाशी रेशीम नसतं. रेशीम असतं अळ्यांपाशी. मग दुसऱ्या मुंग्या आपल्याच अळ्या जबड्यात धरून आणतात आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर अशा फिरवत राहतात, मागावरच्या धोट्यासारख्या! हे मी डोळ्यांनी पाहिलं. दुर्बीण उलटी धरली की भिंगाचं काम करते, तशी धरून पाहिलं. अंगाला डसल्या, तरी पाहिलं.

घराभोवतीचे असेच जीव पाहत बसणारा, सातारला जन्मलेला एक स्कॉटिश माणूस होता, एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, ‘ईएचए’ या आद्याक्षरांनी लिहायचा. मीठ आणि जकात खात्यातला माणूस, नोकरीनिमित्त आपल्या रत्नागिरीतही राहून गेलेला. १८८३ साली मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्यांत तो होता, आणि त्याच वर्षी त्याचं एक पुस्तक आलं, विषय काय, तर बंगल्यात आणि बंगल्याच्या आवारात राहणारे जीव! उंदीर, मुंग्या, कावळे, बेडूक, पाली. एवढ्या जगावर अख्खं पुस्तक! मी ते वाचत होते आणि प्रत्येक पानाला उठून मागच्या दारी जाऊन पाहत होते. वाचून पूर्ण व्हायला फार दिवस लागले.

आता शिंपी. हा तर सगळ्यांवर कडी! पपनसाची दोन पानं एकमेकांना चिकटलेली दिसली, वाटलं अळीचं काम. पण त्या पानांतून एक शेपूट वर आलं, ताठ, आणि शेपटामागून ‘ट्विट-ट्विट-ट्विट’ असा केवढा तरी मोठा आवाज. शिंप्याची मादी पानांच्या कडांना चोचीने बारीक भोकं पाडते आणि त्यांतून कापसाचा, कोशाचा नाहीतर कोळ्याचा धागा ओवते. धाग्याचं टोक बाहेरच्या बाजूला पिंजून फुगतं, म्हणून ते भोकातून मागे सरकत नाही. गाठ मारायची गरजच नाही! पानं झाडालाच असतात, जिवंत, हिरवी, आणि वरची बाजू बाहेर येईल अशी वळवलेली. म्हणून हातभर अंतरावरून घरटं दिसत नाही. दुर्बिणीतून मला ते टाके मोजता आले. टाके! पक्ष्याने घातलेले!

त्याच पपनसावर कोवळ्या पानांवर पक्ष्यांची विष्ठा पडलेली दिसली आणि ती विष्ठा चालायला लागली! राणी पाकोळीची अळी. महाराष्ट्राने २०१५ मध्ये आपलं राज्य फुलपाखरू म्हणून जिला निवडलं, ती काळ्या-निळ्या मोठ्या पंखांची पाकोळी. लिंबू-पपनसाच्या कुळातल्या झाडांवर ती अंडी घालते. लहानपणी अळी विष्ठेसारखी दिसते म्हणून पक्षी तिला सोडून देतात. मोठी झाली की हिरवीगार होते, अंगावर खोटे डोळे येतात. कोश करताना ती शेपटाकडून फांदीला चिकटते आणि कमरेभोवती रेशमाचा एक फेर घालून स्वतःला बांधून घेते. पुन्हा धागा! मी आईंना हाक मारली, त्या आल्या, म्हणाल्या, "हो, करतात तशा," आणि मग आम्ही दोघी बराच वेळ तिथेच उभ्या राहिलो.

किपलिंगच्या ‘रिक्की-टिक्की-टावी’त मुंगूस आणि शिंपी एकाच बागेत राहतात. आमच्याही राहतात! मुंगसांचा या धाग्याशी काही संबंध नाही, पण ते सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. गडग्याच्या चिऱ्यांत त्यांचं बीळ आहे. मार्गशीर्षात आई पुढे आणि मागे पिल्लं, प्रत्येकाचं नाक पुढच्याच्या शेपटाला लागलेलं, अशी एक लांब ओळ परसातून गेली आणि मला क्षणभर वाटलं, हा एकच काहीतरी लांबलचक प्राणी आहे. मुंगूस कुठलीशी मुळी खाऊन सापाचं विष उतरवतं असं आपण ऐकत आलो. खरी गोष्ट त्याहून नवलाची आहे. नागाचं विष स्नायूंवरच्या ज्या ग्राहकांना चिकटून स्नायू लुळे पाडतं, त्या ग्राहकांची घडणच मुंगसात वेगळी असते. विषाला तिथे नीट चिकटताच येत नाही. तरी मुंगूस काही अमर नाही. त्याची खरी मदार चपळाईवर.

आणि रात्री कांडेचोर, म्हणजे उदमांजर! माळ्यावरून धप् आवाज, मग कौलांवरून पावलं, मग भाताला आधण आल्यासारखा वास. होय, आंबेमोहोराचा वास, मध्यरात्री, चूल विझलेली असताना! आई झोपेतच म्हणाल्या, "कांडेचोर आला." बॅटरीच्या उजेडात पोफळीवर दोन डोळे चमकले आणि काळसर लांब शेपूट वर सरकलं. सकाळी गडग्यावर त्याची विष्ठा, त्यात भेर्ली माडाच्या अख्ख्या बिया. फळाचा गर तो पचवतो आणि बी दूर नेऊन टाकतो. गडग्याच्या कडेने भेर्ली माडाची रोपं उगवलेली आहेत, ती कुणी लावली, हे कोडं घरात कुणालाच सुटत नव्हतं. माळी कोण ते आता कळलं!

फेब्रुवारीत ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो. जगभरातले लोक आपापल्या अंगणातले पक्षी मोजून कळवतात. १९९८ पासून चालू आहे, आपल्याकडे २०१३ पासून. निदान पंधरा मिनिटं बसायचं एवढीच अट. मी बसले ती दुपारच्या जेवणापर्यंत. दयाळ, तांबट, भारद्वाज, शिपाई बुलबुल, टकाचोर, हळद्या. गच्चीतल्या कुंडीशी बसूनही यात भाग घेता येतो, तुम्ही पुढच्या वर्षी नक्की बसा.

पण हे सगळं लिहायला मला भाग पाडलं ते कालच्या प्रकाराने. शिंजिराची पिल्लं उडून गेली तरी पिशवी तारेवर तशीच होती. काल सकाळी तिच्यावर चष्मेवाल्यांची जोडी आली. हिरवट-पिवळे, डोळ्यांभोवती पांढरं वर्तुळ. मला वाटलं आत किडे शोधतायत. छे! एकाने पिशवीच्या खांद्यावरून कोळिष्टक ओढायला सुरुवात केली. ओढलं, चोचीभोवती गुंडाळलं, पुन्हा ओढलं. दोघंही चोच भरून उडाली आणि आंब्याच्या पालवीत शिरली. परत आली, पुन्हा तेच. कोळ्याने वाशाला लावलेला धागा शिंजिराने तारेला बांधला आणि आता चष्मेवाला तो आंब्यावर घेऊन चालला आहे! मी चहा तसाच टाकून अंगणात धावले, पण पालवी दाट, कुठली फांदी ते काही दिसेना. आई म्हणतात, चष्मेवाला बेचक्यात वाटी टांगतो, खालच्या फांद्यांपासून एकेक बेचकं बघत वर जा. आज दुपारपासून आंब्याखाली चटई टाकून बसणार आहे. शेजारच्या काकूंनाही बोलावलं आहे, म्हणजे दोन दिशांना दोन माणसांची नजर राहील.