शिपायाचें पेन्शन

गेल्या श्रावणांत आमचा भाचा अमेरिकेहून चार आठवड्यांसाठीं घरीं आला होता. त्याच सुमारास आमच्या दिवंगत वडील बंधूंचा नातू, वय वर्षें १९, 'मी अग्निवीर होणार' असें सांगून मोकळा झाला. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं घडल्यामुळें रात्रीच्या जेवणानंतर आमच्या औरंगपुऱ्यांतील घरीं जी चर्चा सुरू झाली, ती तीन दिवस पुरली. ज्या घरांतील मुलगा सैन्यांत जाण्याचा विचार करीत असेल, तेथें तिचा थोडाबहुत उपयोग होईल, म्हणून तिचा सारांश येथें देत आहों.

भाच्याचें म्हणणें साधें होतें. "मामा, तिकडे वीस वर्षें नोकरी केलेला शिपाई चाळिशीच्या आंत पेन्शन घेऊन घरीं येतो. आपल्याकडे काय आहे?" हें ऐकून आम्हांस प्रथम वाईट वाटलें, परंतु चौकशी केल्यावर प्रकरण इतकें सरळ नाहीं असें दिसून आलें. अमेरिकेंत जुन्या नियमाप्रमाणें २० वर्षांच्या सेवेनंतर वेतनाच्या निम्में पेन्शन मिळे. मात्र १९ वर्षें करून जो बाहेर पडे, त्याच्या हातीं सामान्यतः कांहींच पडत नसे. १ जानेवारी २०१८ पासून भरती होणाऱ्यांस २० वर्षांनंतर ४० टक्केच मिळावयाचे; परंतु शिपायानें वेतनांतून बाजूस काढलेल्या रकमेंत सरकार भर घालतें, व ती पुंजी लवकर नोकरी सोडणाऱ्यासही बरोबर नेतां येते. इंग्लंडांत १ एप्रिल २०१५ पासूनच्या योजनेंत प्रत्येक वर्षाच्या वेतनाचा ४७ वा भाग पेन्शनच्या खातीं जमा होतो. शिपायाला खिशांतून कांहीं द्यावें लागत नाहीं; पण पूर्ण पेन्शन साठाव्या वर्षापासून. आपल्या नियमित सैन्यांत शिपायास १५ व अधिकाऱ्यास २० वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या वेतनाच्या निम्में पेन्शन निवृत्त होतांच सुरू होतें आणि महागाईबरोबर वाढतें. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नव्या मुलकी नोकरांचें जुनें पेन्शन बंद झालें, तेव्हांही सैन्याचें कायम राहिलें.

केवळ आंकडे शेजारीं शेजारीं मांडले म्हणजे तुलना होत नाहीं, हें गुरख्यांच्या उदाहरणावरून चांगलें कळतें. १९४७ सालीं इंग्लंड, हिंदुस्थान व नेपाळ यांच्यांत करार झाला आणि इंग्रजी फौजेंतील गुरख्यांचें पेन्शन हिंदी सैन्याच्या दराशीं बांधलें गेलें. एकाच झेंड्याखालीं लढणाऱ्या गोऱ्या शिपायापेक्षां ती रक्कम फारच थोडी. पण ती १५ वर्षांनंतर लागलीच हातीं येई, गोऱ्याला तात्काळ पेन्शनसाठीं २२ वर्षें घालवावीं लागत. समान अटींचा मार्ग २००७ सालीं खुला झाला, तोही १ जुलै १९९७ नंतरच्या सेवेपुरता. त्यापूर्वीं घरीं गेलेले म्हातारे मागेंच राहिले.

आमच्या शहराला तर शिपायाच्या पगाराची किंमत नव्यानें सांगावयास नको. येथील छावणी ही निजामाच्या खर्चानें, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालीं ठेवलेल्या कंटिंजंट फौजेच्या ठाण्यांपैकीं एक होती. दरबाराकडून पगार वेळेवर येईना. कंपनीचा रेसिडेंट तो आपल्या खजिन्यांतून देई व निजामाच्या नांवें कर्ज मांडी. त्या कर्जापायीं १८५३ च्या तहानें वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब कंपनीच्या ताब्यांत गेले. पुढील दोन १८६० सालीं परत मिळाले. वऱ्हाड मात्र १९०२ सालीं वार्षिक २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानें गेलें. उलट मराठी राज्यांत रणांत पडलेल्या शिपायाच्या मुलांच्या पालनपोषणासाठीं 'बालपरवेशी' देण्याची चाल होती. पेन्शनची कल्पना आपण साहेबाकडूनच घेतली, असें समजण्याचें कारण नाहीं.

हें सारें आमच्या वहिनी मुकाट्यानें ऐकत होत्या. आमचे बंधू १९८८ सालीं नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले व २०११ सालीं वारले. मागाहून त्याच हुद्द्यावरून, तितकीच सेवा करून निवृत्त झालेल्या गृहस्थांस त्यांच्यापेक्षां अधिक पेन्शन मिळे, व तो सल त्यांच्या मनांत अखेरपर्यंत राहिला. 'समान हुद्दा, समान पेन्शन' हा हुकूम ७ नोव्हेंबर २०१५ रोजीं निघाला आणि १ जुलै २०१४ पासून लागू झाला. थकबाकी इतरांस हप्त्यांनीं, विधवांस एकरकमी मिळाली. त्या दिवसाची आठवण काढून वहिनी म्हणाल्या, "भावजी, रकमेचें मला एवढें नव्हतें. ह्यांची नोकरी आणि मागून आलेल्यांची नोकरी सारखीच होती, हें सरकारनें कबूल केलें. ऐकायला हे मात्र नव्हते."

मग त्यांनीं नातवास विचारलें, "आणि तुला काय मिळणार?"

त्यानें सर्व पाठच केलें होतें. २०२२ सालीं सुरू झालेल्या ह्या योजनेंत नोकरी ४ वर्षांची. पहिल्या वर्षीं दरमहा ३०,००० रुपये, चौथ्या वर्षीं ४०,०००. त्यांतील ३० टक्के सेवानिधींत जातात, तितकीच भर सरकार घालतें, आणि शेवटीं व्याजासह सुमारें ११ लाख ७१ हजार हातीं येतात. शेंकडा २५ पर्यंत मुलांस पुढें नियमित सैन्यांत घेतात. इतरांस पेन्शन नाहीं. जिवाचें बरेंवाईट झालें तर ४८ लाखांचा विमा, आणि मृत्यु सेवेमुळें असल्यास आणखी ४४ लाख. परंतु घरच्यांस दरमहाचें कुटुंब-पेन्शन नाहीं.

ओसरीवर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. भाच्यानें तर आपला कागद घडी करून खिशांत घातला.

आमच्या मतें अशा वेळीं वडिलधाऱ्यांनीं चार प्रश्न विचारावे: किती वर्षांनीं, कोणत्या वयापासून, महागाईबरोबर वाढतें कीं नाहीं, आणि मागें राहिलेल्या बाईला काय. चौथा प्रश्न पुरुषांच्या बैठकींत बहुधा निघत नाहीं. आमच्याकडेही तो वहिनींनींच काढला. मुलाला अडवावयाचें नाहीं, असें शेवटीं ठरलें. मात्र दोन अटी झाल्या. पदवी मुक्त विद्यापीठांतून पुरी करावयाची; आणि सेवानिधीच्या रकमेस घरांतील लग्नकार्यासाठीं वा बांधकामासाठीं कोणी हात लावावयाचा नाहीं. चार वर्षांनीं तो परत आला, तर नवें कांहीं शिकून उभा राहीपर्यंत त्याचें पान ह्या घरांत वाढलेलें राहील. सरकारनें न दिलेलें आश्वासन एकत्र कुटुंबाला एवढ्यापुरतें देतां येतें.

नोव्हेंबरांत वहिनी हयातीचा दाखला देण्यास निघाल्या, तेव्हां बंधूंच्या सेवापुस्तिकेची पिशवी त्यांनीं नातवाच्या हातीं दिली व त्यालाच बरोबर नेलें. "कागद कसे जपावे लागतात, तेंही शिपायाला आलें पाहिजे," एवढेंच त्या म्हणाल्या.