बाराशे वॅटचा डबा

गिझर घ्यायचा म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, 'पॉवर पॉइंट कुठे आहे?' कॉम्प्युटर आणताना मात्र हे कुणी विचारत नाही. तो टेबलावर बसणारा, म्हणजे टीव्हीच्याच भावकीतला, अशी आपली समजूत!

माझा भाचा अ‍ॅनिमेशन शिकतो. त्याने नव्या मशीनसाठी १२०० वॅटचा एसएमपीएस आणला. भिंतीतली वीज कॉम्प्युटरला पचेल अशी करून देणारा हा डबा. खोक्यावरचा आकडा वाचून ताई हादरली. "म्हणजे दिवसभर इस्त्री चालू ठेवल्यासारखंच की!"

तसं नाही. तो आकडा डब्याची कुवत सांगतो, खर्च नव्हे. आतले भाग मागतील तेवढीच वीज तो घेतो. साधं पत्र टाइप करायचं तर शंभर-दीडशे वॅटांत भागतं. पण मशीन पूर्ण जोरात चाललं तर? १२०० वॅट ही आत पोचवायची वीज. वाटेत थोडी उष्णता होऊन जाते. नव्वद टक्के कार्यक्षमता धरली तरी भिंतीतून सुमारे १३३० वॅट ओढले जातात. त्याला २३० व्होल्टने भागा, ५.८ अँपिअर येतात. आणि आपलं नेहमीचं छोटं सॉकेट असतं ६ अँपिअरचं! त्यात मॉनिटर, स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर.

डब्याच्या केबलला जाड पिनांचा १६ अँपिअरचा प्लग होता. भावजी म्हणाले, "कन्व्हर्जन प्लग लावू, वीस मिनिटांचं काम." मला तेच भीतीचं वाटलं. जाड पिन छोट्या सॉकेटमध्ये शिरत नाही, हा मुद्दाम ठेवलेला अटकाव आहे. मधे अडॅप्टर घातल्याने भिंतीतली तार काही जाड होत नाही. शिवाय सॉकेट सैल असेल तर ते जागीच तापतं, प्लास्टिक पिवळं पडतं, जळका वास येतो. एमसीबी मात्र पडत नाही, कारण प्रवाह मर्यादेतच असतो.

वायरमन आला. वॅटची चौकशी न करता त्याने आधी सॉकेट उघडलं. वरच्या मोठ्या भोकामागे तारच नव्हती! जुन्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावला की बोटांना झिणझिण्या यायच्या, त्याचं कारण हे. एसएमपीएसमधल्या फिल्टरमधून किंचित वीज पत्र्यावर येते. अर्थिंग असेल तर ती जमिनीत जाते. नसेल तर हात लावणाऱ्याची वाट पाहत बसते. आत खरंच काही बिघडलं असतं, तर नुसत्या झिणझिण्यांवर निभावलं नसतं. धाकटी भाची अनवाणीच त्या टेबलाखाली खेळते. ताई बराच वेळ काही बोललीच नाही.

सुदैवाने मेन बोर्डापर्यंत अर्थिंग आलेलं होतं. तिथून ४ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेची स्वतंत्र लाइन, अर्थची तार, वेगळा एमसीबी आणि १६ अँपिअरचं सॉकेट, एवढं काम निघालं. भावजी कुरकुरले खरे, पण भाच्याच्या ग्राफिक्स कार्डाच्या किमतीपुढे ते बिल किरकोळच होतं.

भाड्याच्या घरात नवी लाइन ओढता येत नसेल, तर टेबलच एसीच्या पॉइंटजवळ सरकवावं. एसी आणि कॉम्प्युटर एकाच वेळी मात्र त्यावर लावू नयेत.